मासा निवडण्याआधी नळाचं पाणी पाहा

दोन फुटी टँक म्हणजे साधारण ६० × ३० × ३० सेंमी. गुणाकाराला हजारानं भागलं की ५४ लिटर. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात कोण कोणाबरोबर नांदेल, हे दुकानातले रंग पाहून ठरत नाही. पहिला निकाल घरच्या नळाचा.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपतं आणि क्षार बाहेर निसटतात. मासा जादा पाणी पातळ लघवीवाटे टाकतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी क्षार परत ओढून घेतात. हे काम किती जोरानं करता येतं, ते ज्या पाण्यात ती जात घडली त्यावर अवलंबून असतं. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या, जवळजवळ क्षारच नसलेल्या आम्लधर्मी ओढ्यांतला. मॉली मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, क्षारयुक्त आणि मचूळ पाण्यातही रमणारी. मृदू, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात मॉली पंख मिटून जागच्या जागी डुलत राहते आणि बुरशीला लवकर बळी पडते. दोघांत भांडण होत नाही, एवढ्यावरून जोडी जमली असं समजू नये.

सह्याद्रीतल्या धरणांचं पालिकेचं पाणी बहुधा मृदू, बोअरचं बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं. साबणाला फेस येत नसेल, नळाच्या तोटीवर पांढरा थर चढत असेल तर पाणी जड आहे. टीडीएस मीटरनं ढोबळ अंदाज येतो, पण तो सगळेच विरघळलेले क्षार मोजतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी थेंबांचा जीएच (पाण्याचा जडपणा मोजणारा) किट घ्यावा. बोअरचं पाणी फारच जड असेल तर निम्मं आरओचं मिसळता येतं. नुसतं आरओचं पाणी मात्र भरू नये. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) कधीही कोसळतो.

जड पाण्याच्या घरात गप्पी, प्लॅटी, मॉली यांतून निवड करावी. ४५ लिटरला सात-आठ गप्पी, तेही सगळे नर. मादी आणली तर दर महिन्याला वीस-तीस पिल्लं होतात, आणि नर काढून टाकले तरी साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुढचे काही महिने पिल्लं देत राहते. डास आटोक्यात ठेवायला पाण्यात गप्पी सोडतात, त्यामागे हा झपाटाही आहे.

मृदू पाण्यात आठ निऑन, तळाशी पाच कोरीडोरास आणि एक हनी गौरामी. कोरीडोरास टोकदार खडीवर ठेवले तर मिशा झिजतात. त्यांना बारीक वाळूच लागते. निऑन आठच्या जागी तीन आणले तर ते कोपऱ्यात लपून राहतात, कारण थव्याशिवाय त्यांना धोकाच जाणवतो. मध्यम पाणी असेल तर झेब्रा डॅनिओ सगळ्यांत सोशीक. हनी गौरामी आणि झेब्रा हे दोघेही आपल्या उपखंडातलेच. निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये दोघांचीही शास्त्रीय नोंद केली. परदेशी माशांमागे धावताना आपण यांना विसरतो, हे जरा खटकतंच. झेब्रा उड्या मारतो, म्हणून झाकण हवं.

मे महिन्यात विदर्भात टँकचं पाणी सहज तिशीपार जातं. निऑन आणि कोरीडोरासना २२ ते २६ अंश मानवतं, शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो, मुंबईच्या दमट हवेत कमी. बाष्पीभवनात क्षार मागेच राहतात, म्हणून घटलेल्या पाण्याची भर मृदू पाण्यानं घालावी.

‘माशाच्या एक इंचाला चार लिटर’ असले हिशेब सोडून द्यावेत. लांबी दहापट झाली की वजन सुमारे हजारपट होतं, आणि घाण वजनाच्या मागे जाते. गोल्डफिश वीस सेंमीच्या वर वाढतो. ‘टँक साफ करतो’ म्हणून विकला जाणारा बोटाएवढा सकर फूटभर होतो, विष्ठा खात नाही, उलट भरपूर करतो. मग लोक तो तलावात सोडतात, आणि तिथे स्थानिक माशांची पंचाईत होते. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न या टँकसाठी नाहीतच. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडतो. नर फायटर एकटाच बरा: लांब शेपटीचा गप्पी दिसला की तो त्याच्यावर धावून जातो.

घाणीतून अमोनिया होतो, आणि त्याचा विषारी भाग पीएचवर ठरतो: २५ अंशांना पीएच ७ असताना शंभरात अर्धा, ८ असताना पाचाहून जास्त. जड पाण्याचा पीएच बहुधा जास्त असतो, म्हणजे तिथे तीच गर्दी जास्त महागात पडते. अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालू ठेवावा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की पहिले पाच-सहा मासे, दोन आठवड्यांनी पुढचे. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं, क्लोरीन काढणारे थेंब घालूनच. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीन जीवाणूंना मारतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दुकानातून आणलेला मासा आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावा, छोट्या स्पंज फिल्टरसह. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तेवढ्या काळात बहुधा दिसून येतो. गौरामी सगळ्यांत शेवटी सोडावा. आधी आला तर सगळा टँक आपलाच समजून नंतर आलेल्यांना हुसकावत राहतो. तसं झालंच तर दगड आणि झाडं हलवून मांडणी बदलावी; त्याच्या हद्दीच्या खुणा गेल्या की मारामारी बरीच थंडावते.