श्ट्रासबेर्गरचे साडेबावीस किलो

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधला हेवीवेट वेटलिफ्टिंगचा निकाल वरवर पाहिला तर अगदी सरळ वाटतो. जर्मनीचा योसेफ श्ट्रासबेर्गर पहिला, एकूण ३७२.५ किलो. एस्टोनियाचा आर्नोल्ड लुहाएर दुसरा, ३६० किलो. चेकोस्लोव्हाकियाचा यारोस्लाव स्कोबला तिसरा, ३५७.५ किलो. गंमत कळते ती बेरजेची फोड केल्यावर. क्लीन अँड जर्कमध्ये (वजन आधी खांद्यावर घेऊन मग झटक्याने डोक्यावर नेणं) लुहाएर आणि स्कोबलाने प्रत्येकी १५० किलो उचलले, श्ट्रासबेर्गरने १४२.५. स्नॅचमध्ये (जमिनीवरून एकाच झटक्यात थेट डोक्यावर) लुहाएरचे ११०, बाकी दोघांचे १०७.५. आज स्पर्धेत हे दोनच प्रकार उरले आहेत. तेवढ्यावर निकाल लावला असता तर सुवर्णपदकाचा मानकरी या तिघांत तिसरा ठरला असता!

त्याला तारलं तिसऱ्या प्रकाराने. त्याचं नाव प्रेस. बाकीचे दोघे १०० किलोवर थांबले आणि श्ट्रासबेर्गरने १२२.५ डोक्यावर नेले. साडेबावीस किलोंची ही आघाडी पुढच्या दोन प्रकारांत कुणालाच भरून काढता आली नाही.

प्रेस आता पाहायला मिळत नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. वजन जमिनीवरून एका दमात छातीपर्यंत घ्यायचं आणि थांबायचं. पंचाने इशारा केला की निव्वळ खांद्यांच्या आणि हातांच्या जोरावर ते सावकाश वर रेटायचं. गुडघे ताठ, पाय जागचे हलता कामा नयेत. जर्कमध्ये गुडघ्यातून हिसका देऊन वजन उडवता येतं, त्याखाली शिरता येतं. इथे तसली पळवाट नाही. चपळाई, वेळ साधणं, या गोष्टींचा उपयोग कमी. ताकद आहे की नाही, एवढाच प्रश्न.

श्ट्रासबेर्गर १८९४ चा, बव्हेरियातल्या कोल्बरमूरचा, आणि त्याचं आयुष्य संपलं ते म्युनिकमध्ये. या शहराला ताकदीच्या खेळांचं वेड जुनं. १९ व्या शतकाच्या अखेरीस तिथे श्टायरर हान्स नावाचा खाणावळवाला होता, ‘बव्हेरियाचा हर्क्युलस’ म्हणून ओळखला जाणारा. ५०८ पौंडांचा धोंडा तो एका बोटाने उचलायचा, अशी त्याची ख्याती. (जर्मन पौंड अर्ध्या किलोचा, म्हणजे हे २५४ किलो झाले.) त्याच्या आठवणीत म्युनिकच्या एका मोठ्या बिअर हॉलमध्ये तेवढ्याच वजनाचा धोंडा उचलण्याची स्पर्धा चालत आली आहे. तालमीतला नाल पाहिलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटायचं नाही.

पण जत्रेतली ताकद आणि स्पर्धेतली ताकद यांत नियमांची भिंत असते, आणि जर्मन भाषक पैलवान त्या भिंतीवर अनेकदा आदळले. त्यांची रीत होती वजन आधी कमरेच्या पट्ट्यापर्यंत, मग पोटावर टेकवत, टप्प्याटप्प्याने खांद्यावर चढवायची. फ्रेंचांचा आग्रह एका झटक्यात छातीवर घेण्याचा. १९०६ मध्ये अथेन्सला भरलेल्या खेळांत यावरून चांगलीच जुंपली. दोन हातांच्या प्रकारात ग्रीसच्या तोफालोसने १४२.४ किलो उचलून बाजी मारली. व्हिएन्नाचा श्टाइनबाख दुसरा आला. स्पर्धा संपल्यावर तो परत आला आणि तोफालोसचंच वजन त्याने आपल्या पद्धतीने सहज उचलून दाखवलं, असं सांगतात. निकाल अर्थातच बदलला नाही.

त्याच अथेन्समध्ये कोलोनच्या हाइन्रिख श्नायडराइटने जर्मनीसाठी वेटलिफ्टिंगची दोन कांस्यपदकं आणि रस्सीखेचीत सुवर्ण मिळवलं. पुढे ऑलिंपिक समितीने १९०६ चे खेळ अधिकृत मानले नाहीत, त्यामुळे त्याची पदकंही अधिकृत यादीबाहेर गेली. १९०८ आणि १९१२ मध्ये वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये नव्हतंच. श्नायडराइटला आणखी संधी मिळालीच नाही. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, लोरेनमधल्या तिऑनव्हिल इथे त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३०.

युद्धानंतर १९२० आणि १९२४ च्या ऑलिंपिकला जर्मनीला बोलावणंच नव्हतं. श्ट्रासबेर्गरची पंचविशी ते तिशी अशी गेली. एका परीने हे त्याच्या पथ्यावर पडलं, असं मला वाटतं. १९२० मध्ये तीनपैकी दोन प्रकार एका हाताचे होते आणि प्रेस नव्हता. १९२४ मध्ये पाच प्रकार झाले, त्यात प्रेस आला. १९२८ ला एका हाताचे प्रकार गेले आणि बेरजेचा एक तृतीयांश भाग प्रेसच्या वाट्याला आला. ३४ वर्षांचा श्ट्रासबेर्गर दारात उभा राहिला तो नेमका तेव्हा. त्याच स्पर्धेत लाइटवेटमध्ये जर्मनीचा कुर्ट हेल्बिग आणि ऑस्ट्रियाचा हान्स हास, दोघांचे ३२२.५ किलो झाले आणि दोघांनाही सुवर्ण देऊन टाकलं.

चार वर्षांनी लॉस एंजेलिसला श्ट्रासबेर्गर पुन्हा उतरला, वयाच्या ३८ व्या वर्षी. प्रेस १२५, स्नॅच ११०, दोन्ही आधीपेक्षा अडीच किलोंनी जास्त. जर्क मात्र तेच, १४२.५. बेरीज ३७७.५, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमपेक्षा पाच किलो अधिक, आणि तरी तिसरा क्रमांक. स्कोबलाने प्रेस ११२.५ वर आणला होता, जर्क १५२.५ वर, त्याचे ३८० झाले. चेकोस्लोव्हाकियाच्याच प्शेनिच्काची बेरीज श्ट्रासबेर्गरएवढीच होती, पण रौप्य त्याला गेलं. प्रेसमधली साडेबावीस किलोंची आघाडी साडेबारावर आली होती.

१९५० मध्ये श्ट्रासबेर्गर वारला. प्रेस त्यानंतरही २२ वर्षं टिकला, पण त्याचं रूप बिघडत गेलं. खेळाडू कमरेतून इतके मागे वाकू लागले की ते उभ्याने चाललेलं बेंच प्रेसच (बाकावर उताणं पडून वजन रेटणं) वाटावं. किती वाकणं चालवून घ्यायचं यावर पंचांचं एकमत होईना. अखेर १९७२ च्या ऑलिंपिकनंतर हा प्रकार काढून टाकायचं ठरलं. ते ऑलिंपिक होतं म्युनिकमध्ये, आणि वेटलिफ्टिंगचा हॉल ऑक्टोबरफेस्टच्या मैदानालगत. सुपर हेवीवेटमध्ये सोव्हिएत संघाचा अलेक्सेयेव जिंकला; त्याचा प्रेस २३५ किलोंचा. रौप्य मिळवलं बव्हेरियाच्याच रुडॉल्फ मांगने, प्रेस २२५.