डिस्पॅचची परिभाषा (नाशिकची माल वाहतूक)

मालासाठी गाडी ठरवणे, ती वेळेवर लावणे, कागद करून देणे, वाटेत तिच्यावर लक्ष ठेवणे आणि माल पोचल्यावर हिशेब मिटवणे, या कामात रोज तोंडी असणारे शब्द म्हणजे डिस्पॅचची परिभाषा. नाशिकमध्ये ती ऐकू येते सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, सिन्नरच्या माळेगाव-मुसळगाव औद्योगिक वसाहतींत, पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजार समित्यांत, तसेच आडगावच्या ट्रक टर्मिनलवर. यातल्या जवळपास प्रत्येक शब्दाबरोबर खर्च किंवा जोखीम कोणाच्या अंगावर पडणार हे ठरते. नवा माणूस अडतो तो तिथेच.

गाडी मागवताना टायर किंवा फूट बोलतात: छोटा हत्ती, पिकअप, सहा टायर, दहा टायर, बारा टायर, ट्रेलर. ‘आयशर’ म्हटले की कंपनी कोणतीही असो, मधल्या आकाराची १४ ते १९ फुटी गाडी समजायची. बंद बॉडीच्या ३२ फुटी गाडीत ‘सिंगल’ आणि ‘मल्टी’ हा फरक विचारल्याशिवाय फोन ठेवू नये. लांबी तीच असली तरी सिंगल एक्सल (मागे चाकांचा एकच आस) साधारण ७ टन घेते, मल्टी एक्सल (मागे एकाहून जास्त आस) त्याच्या दुप्पट. हलका पण जागा खाणारा माल सिंगलमध्ये स्वस्त पडतो.

‘पासिंग’ म्हणजे गाडीला कायद्याने किती माल भरता येतो ते वजन. २०१८ साली केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. त्यानुसार दोन एक्सलच्या ट्रकचे मालासह एकूण वजन १८.५ टन, तर तीन एक्सलच्या म्हणजे दहा टायरच्या ट्रकचे २८.५ टन चालते. दहा टायरच्या रिकाम्या गाडीचे वजन काट्यावर साडेनऊ टन आले, तर पासिंग १९ टन. म्हणून रिकामा काटा आणि भरती काटा अशा दोन्ही पावत्या जपायच्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवावा लागतो. भाडे टनावर ठरले असेल तर ‘गॅरंटी’ही विचारावी. १५ टनांची गॅरंटी असेल आणि माल १२ टनच निघाला, तरी पैसे १५ टनांचेच मोजावे लागतात.

‘गाडी लागली’ या दोन शब्दांवरून सर्वाधिक भांडणे होतात. चालकाच्या हिशेबाने गाडी गेटबाहेर उभी राहिली की लागली. कंपनीच्या हिशेबाने माल भरायच्या धक्क्याला लागली की. ‘हॉल्टिंग’ म्हणजे गाडी खोळंबल्याचे, खोटीचे पैसे कधीपासून सुरू, हे त्यावर अवलंबून असते. गेटवरच्या रजिस्टरातली वेळ हाच काय तो पुरावा, तेव्हा तिचा फोटो मागवून ठेवलेला बरा.

‘बिल्टी’ किंवा ‘एलआर’ ही वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्याची पावती. तिच्यावर ‘पेड’ असेल तर भाडे पाठवणाऱ्याने दिले, ‘टू-पे’ असेल तर घेणारा देणार, ‘टीबीबी’ असेल तर महिन्याच्या बिलात लागणार. ‘ओनर्स रिस्क’ म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, हा शिक्का मात्र लोक न वाचताच सोडून देतात. बाजारातून गाडी घेतली की ब्रोकर मध्ये येतो. तेव्हा गाडीमालकाशी झालेला व्यवहार वेगळ्या ‘मेमो’वर लिहितात आणि त्यातले भाडे बिल्टीवरच्या भाड्यापेक्षा कमी असते. दोन्ही कागद एका पाकिटात घालून चालकाच्या हाती देऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको.

ई-वे बिल म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा कागद. तो आंतरराज्य वाहतुकीला १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. ५०,००० रुपयांवरच्या मालाला हे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. ‘पार्ट ए’मध्ये मालाचा तपशील, ‘पार्ट बी’मध्ये गाडी नंबर. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला बिलाची एक दिवसाची मुदत मिळते, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या खेपेला चार दिवस. कसारा घाटात गाडी बंद पडली आणि माल दुसरीत भरला, तर नवा नंबर पार्ट बीमध्ये टाकल्याशिवाय ती गाडी हलवायची नाही. मुदत संपत आली तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवून मिळते. ताजा कांदा आणि ताजी द्राक्षे जीएसटीमुक्त असल्याने त्यांना हे बिल लागत नाही. त्यामुळे बाजार समितीत तयार झालेला माणूस अंबडला नोकरीला लागला की पहिल्या आठवड्यात इथेच गोंधळतो.

पैशांच्या शब्दांत ‘अ‍ॅडव्हान्स’, ‘बॅलन्स’, ‘दलाली’ सरळ आहेत. ‘वाराई’ तशी नाही. माल चढवण्या-उतरवण्याच्या नावाखाली चालकाकडून जी रक्कम घेतली जाते ती वाराई. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा तिच्याच विरोधातली, आणि ती रास्त आहे. भाडे ठरतानाच हमाली-वाराई कोणाकडे हे बोलून घेतले, तर रात्री अकराला चालकाचा फोन येत नाही.

द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची भाषा वेगळी होते. ‘रीफर’ म्हणजे थंड कंटेनर. ट्रेलरला ‘जेनसेट’ म्हणजे जनरेटर नसेल तर वाटेत त्याला वीज नाही. द्राक्षे आधी प्रीकूलिंगमध्ये थंड करूनच भरतात, कारण रीफर थंडावा टिकवतो, गरम माल पटकन थंड करत नाही. ‘कटऑफ’ म्हणजे जहाजासाठी बंदरात शिरण्याची शेवटची वेळ, ‘फॉर्म १३’ म्हणजे बंदराच्या गेटचा परवाना, ‘व्हीजीएम’ म्हणजे भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन, जे जुलै २०१६ पासून सक्तीचे आहे. बंदरात पडून राहिल्याचा आकार तो ‘डेमरेज’, कंटेनर बाहेर अडकवून ठेवल्याचा तो ‘डिटेन्शन’. पहिल्यात जागा अडते, दुसऱ्यात शिपिंग लाइनचा डबा.

‘परतीचे भाडे’ मिळाले नाही तर गाडी ‘खाली’ येते, आणि तो खर्च जातानाच्या भाड्यात आधीच धरलेला असतो. म्हणून कांद्याची आवक जोरात असताना नाशिकहून बाहेर जाणारे भाडे चढते, आणि नाशिककडे येणारी गाडी मात्र स्वस्तात सापडते.

शेवटचा कागद ‘पोच’, म्हणजे पीओडी. माल घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख असलेली बिल्टीची प्रत. ती आल्याशिवाय बॅलन्स सुटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी अस्सल प्रतच मागतात. पोचीवर ‘तीन बॉक्स ओले’, ‘दोन नग कमी’ असा शेरा असेल तर तो शॉर्टेज-डॅमेजचा पहिला पुरावा ठरतो, मग चालक कितीही म्हणो की सील जसेच्या तसे होते. रस्ते माल वाहतूक कायदा, २००७ प्रमाणे वाहतूकदारावर नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. इथे दिवस मोजायचे ते बिल्टीच्या तारखेपासून, पोचीच्या नव्हे.