सिमेंट वाळत नाही, सेट होतं

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही साइटवर जरा वेळ उभे राहा, ‘सेट’ हा शब्द कानावर पडतोच. स्लॅब सेट झाला का, टाइल सेट होऊ दे, त्यावर आत्ता पाय नको. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद याच क्रियापदाची होती. सूर्य मावळणं, घड्याळ लावणं, मोडलेलं हाड बसवणं, परीक्षेचा पेपर काढणं, सगळं त्यात मावतं. ते कोशकारांनी बघावं. साइटवर कामाचा अर्थ एकच: पातळ माल घट्ट होणं.

घट्ट झाला म्हणजे वाळला, असं आपण धरून चालतो. सिमेंटचं तसं नाही. त्यातली कॅल्शियमची सिलिकेटं पाण्याशी रासायनिक क्रिया करतात आणि त्यातून अतिसूक्ष्म कणांचं एक चिकट जाळं तयार होतं. तेच खडी आणि रेती धरून ठेवतं. 50 किलोच्या गोणीतलं सगळं सिमेंट मुरायचं तर साडेअकरा किलोच्या आसपास पाणी असं कायमचं बांधलं जातं. म्हणून तर ठाणे खाडीतल्या पुलांचे पाय पाण्याखालीही घट्ट होतात. अटल सेतूचा सोळा किलोमीटरहून जास्त भाग समुद्रावर उभा आहे. काँक्रीटला वाळावं लागलं असतं, तर तो झालाच नसता.

सेट कधी झालं हे ठरवायची पद्धत मोठी झकास आहे. सिमेंटचा लगदा 40 मिलिमीटर खोल साच्यात भरायचा आणि वजन लावलेली बारीक सुई त्यात अलगद सोडायची. सुरुवातीला ती थेट तळ गाठते. पुढे ती तळाच्या साधारण 5 मिलिमीटर वरच अडली, की प्रारंभिक सेटिंग झालं. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटला याआधी किमान 30 मिनिटं मिळायला हवीत, आणि अंतिम सेटिंग 600 मिनिटांच्या आत व्हायला हवं. एवढी उसंत मिळते ती जिप्समच्या कृपेने. कारखान्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळताना थोडं जिप्सम घालतात. ते नसेल तर घमेलं उचलेपर्यंत माल आवळून बसेल. साखरेनेही सेटिंग लांबतं, आणि तेही अगदी चिमूटभर साखरेने.

सेट झाला म्हणजे पक्का झाला, असंही नाही. मजबुती पुढे वाढत राहते आणि नेहमीच्या हिशेबात ती 28व्या दिवशी मोजतात. त्या काळात पाणी मिळालं नाही, तर क्रिया अर्धवट राहते. स्लॅबवर सिमेंटची आळी करून पाणी साठवतात, खांबांना गोणपाट गुंडाळून भिजवतात, ते याचसाठी. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि फ्लाय अ‍ॅशच्या, म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या, सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारायचं असतं. आपल्याकडे ‘वरून कडक झालंय की’ म्हणत हेच काम सर्वांत आधी सोडलं जातं, आणि ऐन मे महिन्यात तर हमखास.

दह्याचा प्रकार निराळा. तिथे पाण्याशी क्रिया नाही आणि झाकलेल्या भांड्यातून पाणी जातही नाही. विरजणातले जिवाणू आम्ल तयार करतात, आम्लता वाढत जाते तसे दुधातले केसीनचे कण एकमेकांना चिकटतात आणि सगळं पाणी त्यांच्या जाळ्यात अडकतं. चमचा फिरवलात की जाळं तुटतं आणि निवळ सुटते. दही पुन्हा गरम करून दूध मिळत नाही, तसं सिमेंटही मागे फिरत नाही.

चायना ग्रास मात्र मागे फिरतं. ते निव्वळ थंड होऊन सेट होतं: साधारण 35-40 अंशांना घट्ट, पण पुन्हा पातळ व्हायला 85 अंशांच्या आसपास तापमान लागतं. या विचित्र फरकानेच सूक्ष्मजीवशास्त्राचं अडलेलं मोठं काम सुटलं. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवत, आणि 37 अंशांना ते वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी 1881 मध्ये स्वयंपाकघरातलं अगार, म्हणजे हेच चायना ग्रास, सुचवलं. आजही प्रयोगशाळांतल्या बश्यांमध्ये तेच असतं.

ठाण्याच्या पावसाळ्यात घरातल्या दुरुस्तीसाठी आणलेली सिमेंटची गोणी जमिनीला आणि भिंतीला टेकवून ठेवू नये. हवेतल्या दमटपणावरही सेटिंग सुरू होतं आणि गोणीतच गुठळ्या धरतात. बोटांनी चुरडून भुगा झाला तर ठीक. खड्यासारख्या लागल्या तर ते सिमेंट सेट होऊन गेलंय, कितीही पाणी घाला.