मिठाला पाणी सुटते तेव्हा साखरांब्याचे काय होते

गेल्या श्रावणात लातूरला मावशीकडे गेलो होतो. धपाट्यांबरोबर खायला तिने फळीवरून खजूर-चिंचेच्या गोड चटणीची बाटली काढली आणि बूच फिरवताच फुस्स असा आवाज होऊन बाटलीच्या तोंडाशी बारीक फेस जमला. विकतची ती बाटली फोडून तीन आठवडे झाले होते आणि उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवावे, ही तिच्या पाठीवर छापलेली ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती. "एवढा गूळ आहे त्यात, नासेल कशी?" असे मावशीने विचारले. तिचा प्रश्न रास्त होता, कारण साखर आणि गूळ पदार्थ टिकवतात हे खरेच आहे. मात्र ते नेमके कसे टिकवतात हे पाहिले, की ती बाटली का फसफसली हेही कळते.

साखर पाणी धरून ठेवते. जंतूंना जगायला मोकळे पाणी लागते आणि पदार्थात किती पाणी आहे यापेक्षा त्यातले किती पाणी मोकळे आहे, याला महत्त्व असते. हे मोजण्यासाठी पदार्थावरचा पाण्याचा बाष्पदाब आणि त्याच तापमानाला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब यांचे गुणोत्तर काढतात. त्याला अन्नशास्त्रात वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात; आपण जलक्रियता म्हणू. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ असते. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ साली स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर काम करून दाखवले, की त्याची वाढ या आकड्यावर ठरते. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, स्टॅफिलोकॉकस मात्र सुमारे ०.८६ पर्यंत तग धरतो, आणि नेहमीच्या बुरशा ०.८० च्या आसपास थांबतात. घट्ट जॅम किंवा नीट आटवलेला साखरांबा याच ०.८० च्या जवळपास असतो, तर मध ०.६० च्या आसपास.

या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर झायगोसॅकरोमायसिस रूक्सी नावाचे यीस्ट बसलेले आहे. दाट पाकात सामान्य पेशीतले पाणी परासरणाने बाहेर ओढले जाते आणि ती पेशी सुकते. हे यीस्ट मात्र आपल्या पेशीत ग्लिसरॉल तयार करून साठवते, त्यामुळे आतला द्रव बाहेरच्या पाकाइतकाच दाट होतो आणि पाणी बाहेर जायचे थांबते. म्हणूनच ते ०.६२ च्या आसपासही वाढू शकते आणि साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड व थोडे अल्कोहोल सोडते. मावशीच्या बाटलीतून बाहेर पडलेला वायू अशाच कुठल्या तरी यीस्टचा होता. तिची चटणी तर पळीवरून सहज ओघळण्याइतकी पातळ होती, म्हणजे तिथे साध्या यीस्टलाही मुबलक मोकळे पाणी मिळाले असणार.

पाक करताना आपल्याकडे लिंबू पिळतात, त्यातही हेच शास्त्र आहे. आम्लात उकळताना साखरेच्या एका रेणूचे पाणी घेऊन दोन तुकडे होतात, एक ग्लुकोजचा आणि एक फ्रुक्टोजचा. जलक्रियता किती उतरेल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे तेवढ्याच साखरेत कण वाढले की मोकळे पाणी आणखी कमी होते. मिठाचा जोर तर याहून मोठा आहे. साखरेचा रेणुभार ३४२ आणि मिठाचा ५८.५, शिवाय पाण्यात मिठाचे दोन आयन सुटे होतात. म्हणून वजनास वजन धरले, तर मीठ साखरेच्या जवळपास बारापट कण देते. कैरीच्या लोणच्याला मूठभर मीठ पुरते आणि साखरांब्याला मात्र फोडींच्या बरोबरीने साखर लागते, ती यामुळेच.

आता आपल्या मराठवाड्याच्या हवेकडे वळू. जलक्रियता ०.८० म्हणजे ८० टक्के आर्द्रतेच्या हवेशी तो पदार्थ समतोलात असतो. हवा त्याहून कोरडी असेल तर पदार्थ पाणी सोडतो, दमट असेल तर ओढून घेतो. एप्रिलच्या दुपारी परभणीत आर्द्रता इतकी खाली जाते, की माठातले पाणी गारेगार होते आणि उघड्या साखरांब्यावर साखरेची खरपुडी धरते. मृगाचा पाऊस पडून गेला, की तोच माठ पूर्वीसारखा गार होत नाही, आणि त्याच सुमारास उघडी राहिलेली बरणी हवेतले पाणी पिऊ लागते. हे पाणी दाट पाकात खालपर्यंत चटकन मिसळत नाही, पृष्ठभागावरच पातळ थर होऊन राहते, आणि तेवढ्या थरात बुरशीचे एक बीज रुजायला वाव मिळतो. उन्हाळाही निर्धास्त नसतो, कारण पत्र्याच्या घरात दिवसा तापलेल्या बरणीतली वाफ रात्री झाकणाखाली थेंब होऊन जमते आणि ते थेंब पाकावरच पडतात.

ओला चमचाही हेच करतो. पाळीच्या दिवसांत बाईचा हात लागला की मुरंबा नासतो, हा समज अजून अनेक घरांत ऐकू येतो. त्याला कसलाही आधार नाही आणि त्यापायी बायकांना स्वयंपाकघराबाहेर बसवणे हा सरळ अन्याय आहे. यीस्टला हात कोणाचा हे कळत नाही, चमच्यावरचे पाणी मात्र त्याला लगेच उपयोगी पडते.

सगळे गोड सॉस एका तराजूत तोलता येत नाहीत. टोमॅटो केचपची जलक्रियता ०.९० च्या वर असते, म्हणजे तिथे साखरेच्या भरवशावर राहता येत नाही. त्याला मुख्यतः व्हिनेगरचे आम्ल आणि काही वेळा सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारे रसायन सांभाळते. सामू, म्हणजे आम्ल जितके जास्त तितका कमी येणारा पीएचचा आकडा, ४.६ च्या खाली असल्याने बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू त्यात वाढत नाही, पण बुरशी येऊ शकते. दूध किंवा साय घातलेल्या घरगुती चॉकलेट वा कॅरॅमल सॉसला असे आम्लाचेही संरक्षण नसते, म्हणून तो फ्रिजमध्येच ठेवावा. बाहेर राहिलेला असा सॉस पुन्हा उकळून वापरणे धोक्याचे आहे, कारण स्टॅफिलोकॉकसने सोडलेले विष उकळीनेही नष्ट होत नाही. बुरशी आलेला साखरांबाही वरचा थर काढून खाऊ नये. तिचे तंतू आणि विषे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेली असतात.

फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवणे सर्वांत चांगले. ज्या घरात फ्रिज लहान आहे किंवा विजेचा भरवसा नाही, तिथे लहान बाटली घ्यावी, लागेल तेवढाच सॉस वाटीत ओतून घ्यावा आणि वाटीत उरलेला परत बाटलीत टाकू नये. घट्ट साखरांब्याची बरणी उन्हाळ्यात फळीवर चालते. ती कधी हलवायची हे मिठाच्या बरणीवरून कळते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी धरू लागते, म्हणजे साखरांब्याच्या थोडे आधीच. मावशीला मी हे सांगितले, तेव्हा तिने ओट्यावरचा मिठाचा डबा उघडून चिमूट बोटांत चोळून पाहिली. मीठ ओलसर लागले, आणि साखरांब्याची बरणी तिने त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवली.