सोलापूरचे साडेपाच परगणे

अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही या दोन शेजारी राज्यांत सोळाव्या शतकाच्या आरंभापासून निजामशाहीच्या अखेरपर्यंत वादग्रस्त राहिलेला, सोलापूरच्या भुईकोटाखालचा मुलूख. भीमा व सीना नद्यांच्या परिसरातील हा काळ्या जमिनीचा, ज्वारीचा टापू. धान्याइतकाच कडबाही महत्त्वाचा, कारण घोडदळ त्यावर पोसले जाई. विजापूर येथून सु. १०० किमी. असून मध्ये भीमा सोडली तर मोठा अडसर नाही. त्यामुळे सोलापूर निजामशाहीकडे गेले, की विजापूरची उत्तरेची वाट उघडी पडे.

वादाचे मूळ : इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तांतानुसार बहमनी सत्तेच्या उतरणीच्या काळात परांडा व सोलापूर मिळून अकरा परगणे होते. परांड्यास ख्वाजा जहान व सोलापुरास त्याचा भाऊ जैनखान असे अंमलदार होते. जैनखानाने निम्मा वाटा मागितला. अकराचे निम्मे साडेपाच. अहमद निजामशाहाने ख्वाजा जहानाची बाजू घेतली, तर यूसुफ आदिलखानाने जैनखानाची. १५११ च्या सुमारास विजापूरचा कारभारी कमालखान याने वेढा घालून सोलापूर घेतले व साडेपाच परगणे आदिलशाहीत आले. म्हणजे हा तंटा मुळात सरहद्दीचा नाही, तो भाऊवाटणीचा आहे. पुढच्या मागण्यांतही नद्या वा डोंगर हद्द म्हणून येत नाहीत, साडेपाच हाच आकडा येतो; म्हणून फिरिश्त्याचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. मात्र तो विजापूरच्या आश्रयाने लिहीत होता. अहमदनगरच्या बाजूसाठी सय्यद अली तबातबा याचा बुर्हान-इ-मआसिर हा ग्रंथ ताडून पाहावा लागतो.

कालगणना : मूळ नोंदी हिजरी सनाच्या असल्याने आधुनिक ग्रंथांत एकाच घटनेला दोन इसवी वर्षे दिलेली आढळतात. उदा., हिजरी ९३० हे वर्ष नोव्हेंबर १५२३ मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर १५२४ मध्ये संपते; महिना दिलेला नसेल, तर सन ठरवता येत नाही. दख्खनी दप्तरांतील शुहूर सन मृगाला सुरू होतो. इसवी सन काढण्यासाठी त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढे ६०० मिळवावे लागतात. हिजरी व शुहूर यांची गल्लत झाली, की त्या काळात अनेक वर्षांचा फरक पडतो.

विवाह व हुंडा : हिजरी ९३० मध्ये निजामशाही दरबारातील शाह ताहिरच्या मध्यस्थीने इस्माइल आदिलशाहाची बहीण बीबी मरियम पहिल्या बुरहाण निजामशाहास सोलापुरात दिली गेली. सोलापूरचा किल्ला व साडेपाच परगणे हुंड्यात देण्याचे वचन होते, असे अहमदनगरचे म्हणणे. विजापूरने ते मान्य केले नाही. वचन लेखी होते की मध्यस्थांच्या तोंडचे, हा कळीचा मुद्दा आहे. बुरहाणाने वऱ्हाडचा इमादशाह व बीदरचा अमीर बरीद यांसह १५२५ च्या सुमारास चढाई केली, ती फसली. पुढे विजयानगरच्या रामरायाच्या मदतीने १५५१-५२ मध्ये त्याने सोलापूर घेतले. १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशाहास दिली, तेव्हा सोलापूर हुंड्यात विजापूरकडे परत गेले. या सोयरिकीतूनच जानेवारी १५६५ च्या विजयानगरविरुद्धच्या तालिकोट युद्धातील सुलतानांची एकजूट साधली. एकाच किल्ल्यावरून दोन लग्ने, दोन्ही वेळा उलट दिशेने, असे उदाहरण दख्खनेत दुर्मिळ आहे.

किल्ला व मुलूख : दुहेरी तटाच्या या कोटास पूर्वेस सिद्धेश्वर तलाव व इतर बाजूंस सु. १०० ते १५० फूट रुंदीचा खंदक होता. बांधकाम सामान्यतः बहमनी काळातील मानतात. आतील जुन्या मंदिराच्या अवशेषांमुळे जागा त्याहून जुनी ठरते. खंदकात पाणी असेपर्यंत सुरुंग तटापर्यंत नेणे कठीण. पावसाळ्यात काळ्या चिखलात तोफांचे गाडे रुतत, म्हणून वेढा उघडिपीत आटोपावा लागे. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली व पुढे परांड्यास असलेली मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये विजापुरास नेली, तेव्हा दहा हत्ती व चारशे बैल लागले, असे सांगतात. नुसता किल्ला मिळून मात्र भागत नसे. वसूल देशमुख-देशपांड्यांच्या हातून येई. नव्या अंमलाने त्यांना कौल (अभयाचे आश्वासन) दिला नाही, की रयत परागंदा होई, जमिनी पडीक राहत आणि किल्ल्यातील शिबंदीचा खर्च अंगावर पडे.

अखेर : निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने भातवडीच्या लढाईनंतर, १६२५ च्या सुमारास, सोलापूर घेतले. १६३६ च्या मोगल-विजापूर तहात निजामशाही बुडाली व सोलापूर, परांडा विजापूरचे ठरले. १६६८ मध्ये दुसऱ्या अली आदिलशाहाने सोलापूरचा किल्ला व सु. १,८०,००० होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख मोगलांना दिला.