घरातलं भित्तिचित्र : रंगाऱ्याच्या हातातून घरच्यांच्या हातात

बेडरूमच्या एका भिंतीवर डोंगर, वेली किंवा नुसते रंगीत पट्टे काढायचे, तेही रंगारी न बोलावता, ही सोय अगदी अलीकडची. माणूस हजारो वर्षं घराच्या भिंती रंगवतोय, पण श्रीमंत घरांत भिंत एकाची आणि ब्रश दुसऱ्याचा असंच चालत आलं. हे बदललं त्यात कलेपेक्षा रंगाच्या रसायनाचा हात मोठा आहे, असं माझं मत.

रोमन घरांचंच बघा. तिथे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावत. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. ओल्या गिलाव्यावरचं हे चित्र म्हणजे फ्रेस्को. तो शतकानुशतकं टिकतो तो यामुळे. पण झालेली चूकही तितकीच टिकते. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा आणि तो ओला आहे तोवर हात चालवायचा. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा पॉम्पेई या रोमन शहरातल्या एका घरात हे काम चालूच होतं. उत्खननात तिथे रंगांची भांडी सापडली, चुन्याचा ढीग सापडला. भिंतीचा वरचा भाग पुरा झालेला, मधली चित्रं अर्धवट. ओघळ तयार कामावर येऊ नयेत म्हणून वरून खाली रंगवत यायचं, ही रीत तेव्हाचीच. कामाची वाटणीही पक्की होती : रोमन सम्राट डायोक्लेशनच्या 301 सालच्या दरपत्रकात साध्या भिंती रंगवणाऱ्याला दिवसाला 75 देनारी (रोमन नाणी), तर आकृत्या काढणाऱ्याला 150. हौशी माणसाला यात शिरकाव कुठून मिळणार?

घरच्यांनीच भिंती रंगवायच्या, हा प्रवाह वेगळा होता आणि त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. बिहारमधल्या मिथिलेच्या बायका मातीच्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या चित्रं काढत होत्या. 1934 च्या भूकंपात भिंती कोसळल्या आणि आतली चित्रं ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. जी. आर्चर यांच्या नजरेला पडली. माती वाळल्यावर काढायची चित्रं ती. घड्याळाशी शर्यत नव्हती.

आजच्या हौशी भित्तिचित्राचा खरा पूर्वज मात्र मला रुफस पोर्टर वाटतो. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात तो गावोगाव फिरून घरांच्या भिंतींवर निसर्गदृश्यं काढायचा. फ्रेस्कोच्या भानगडीत न पडता तो वाळलेल्या गिलाव्यावरच काम करी. घरं, जहाजं यांच्यासाठी स्टेन्सिल, म्हणजे आकार कापलेले साचे, वापरायचा. नुसतं रंगवून थांबला नाही, तर 1825 मध्ये काढलेल्या पुस्तकात खोलीच्या भिंतीवर निसर्गदृश्य कसं रंगवायचं हे लिहूनही टाकलं. म्हणजे ‘तुम्हीही करून बघा’ हा सूर दोनशे वर्षं जुना आहे. हाच गृहस्थ पुढे 1845 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे नियतकालिक सुरू करतो!

त्याच काळात भिंतभर देखावे छापलेले वॉलपेपरही बाजारात होते. फ्रान्समधल्या झुबेर कारखान्याने 1834 मध्ये काढलेला अमेरिकेच्या दृश्यांचा कागद 1961 पासून व्हाइट हाउसच्या एका दालनात आहे. देखणा आहे, पण चिकटवणाऱ्याच्या हाताला त्यात काही वाव नाही. उलट इंग्लंडमधल्या चार्ल्सटन या फार्महाउसमध्ये व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट 1916 मध्ये राहायला गेले, ते दारं, शेकोटीची चौकट, टेबलं असं हाताला लागेल ते रंगवत सुटले. घर भाड्याचं होतं हे विशेष. अर्थात दोघंही मुळात चित्रकार.

चित्रकार नसलेल्यांसाठी वाट मोकळी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. 1948 मध्ये अमेरिकेत घराच्या आतल्या भिंतींसाठी पाण्यात मिसळणारा लॅटेक्स रंग बाजारात आला. टर्पेंटाइन नको, डोकं भणभणवणारा वास नको, ब्रश नळाखाली धुवून मोकळं व्हायचं. 1955 पासून चित्रकलेचे पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंगही मिळू लागले. हे झटपट वाळतात आणि नाही आवडलं तर त्यावर खुशाल दुसरा हात मारता येतो. फ्रेस्कोत जी चूक जन्मभर सांभाळावी लागे, ती आता पुढचा हात मारेपर्यंतचीच.

सरळ कडेसाठी लागणारी मास्किंग टेप आली मोटारींच्या रंगकामातून. तेव्हा दुरंगी गाड्यांची फॅशन होती. दोन रंगांमधली रेघ स्वच्छ यावी म्हणून 3एम कंपनीतल्या रिचर्ड ड्र्यू यांनी 1925 मध्ये ती तयार केली. पुढे 1960 च्या दशकात बार्बरा स्टॉफाकर सोलोमन यांनी कॅलिफोर्नियातल्या सी रँच या वसाहतीत भिंतभर पट्टे, बाण आणि वर्तुळं रंगवून घेतली. ‘सुपरग्राफिक्स’ची ती लाट घराघरांत शिरली. चित्र काढता न येणाऱ्यालाही टेप लावून पट्टे मारता येत होते.

आता प्रोजेक्टर लावून भिंतीवर खाका पाडतात, तर त्याला फसवणूक म्हणणारेही भेटतात. रेनेसाँमधले चित्रकार कागदावरच्या चित्राच्या रेषांवर सुईने भोकं पाडून, त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटून भिंतीवर खाका उतरवत. त्यांना कुणी फसवे म्हटल्याचं ऐकिवात नाही.