गंगावेशीत वेस कुठं हाय?

भाचीनं चाचणीत लढवय्या सरदारासाठीचा 'नाइट' हा शब्द 'एन'पासून लिहिला आणि तिचा एक गुण गेला. "मी चुकलो नाही मामा! (कोल्हापूरच्या पोरी 'चुकलो'च म्हणतात.) 'के' बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?"

मी विचारलं, "गंगावेशीत कधी वेस बघितलीस काय?"

कोल्हापूरचा तट पडला, वेशी गेल्या, त्या पेठेला नाव तेवढं उरलं. तेही लिहिताना 'गंगावेश' झालं. त्या 'के'चं तसंच आहे. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात तो 'के' खरोखर उच्चारत. मधला 'जीएच'सुद्धा घशातून घासत यायचा. शब्द ऐकू यायचा साधारण 'क्निख्त' असा.

१४७६ साली विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढं छापून छापून स्पेलिंगं पक्की होत गेली. पंचाईत अशी, की साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वरच जागा सोडत होते. बोलताना जीभ वर वर सरकू लागली: 'आ'चा 'ए' झाला, 'ए'चा 'ई'. 'ई'ला आणखी वर जायला जागाच नव्हती, तो फुटून 'आइ' झाला. म्हणून आजचा 'टाइम' तेव्हा 'टीम'सारखा होता, 'हाउस' होता 'हूस'. आणि 'नेम'? जवळजवळ आपलं 'नाम'च! हा योगायोग नव्हे, दोन्ही शब्द एकाच आदिम भाषेतून आलेत. उच्चार पुढं गेला, अक्षरं छापखान्यात अडकली.

काही अक्षरं मात्र पंडितांनी घुसडली, त्यांचा मला जास्त राग येतो. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिन 'डेबिटुम'शी नातं दिसावं म्हणून तो मागाहून घातला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमज. मूळ इंग्रजी शब्दाचा लॅटिनशी काही संबंध नसताना, लॅटिनमधून आलेल्या दुसऱ्या शब्दाकडं बघून तो चिकटवला.

"म्हणजे मराठीच बरी," भाची म्हणाली.

"'चंद्र' म्हण बघू. आता 'चांदणं'."

तिनं दोन्ही म्हटले. परत म्हटले. जीभ दोन वेगळ्या ठिकाणी लागत होती, वहीत 'च' मात्र एकच.

"आयला! मग ह्याचा गुण कुणाचा कापायचा?"